युस्ताइनची चार चाकं

टिन्सेट, ६ जानेवारी

प्रिय सिन्ने,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. फोन मध्येच कापता येतो. पत्र फाडता येतं, पण त्याआधी पाकीट उघडावं लागतं, आणि एकदा उघडलंस की तू वाचणारच. न्याहारीला बसलीस की दुधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूरही सोडायची नाहीस, मला ठाऊक आहे.

आधी कामाचं. तुझ्या नवऱ्याची चारही चाकं माझ्या दुकानात सुखरूप आहेत. धुतली, वाळवली, खाचांत अडकलेले खडे एकेक करून काढले. कुठलं चाक कुठल्या जागचं ते खडूनं लिहून ठेवलं आहे. अर्ध्या गावाची चाकं माझ्या फळ्यांवर मुक्कामाला असतात, उन्हाळ्याची हिवाळ्यात आणि हिवाळ्याची उन्हाळ्यात, पण इतकी बडदास्त मी कुणाची ठेवत नाही. जावईबापूंना सांग.

आता दुसरं. मी केलं ते चुकलं असं मला वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू माफीची वाट पाहत बसणार नाहीस.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आपल्या वळणावर आलात तेव्हा पारा उणे सव्वीसवर होता. युस्ताइननं ब्रेक लावला, गाडीनं ऐकलं नाही, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांच्या टपालपेट्या ज्या फळीवर टांगलेल्या असतात ती फळीच आडवी झाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची शुभेच्छापत्रं बर्फात. तू हसत होतीस. युस्ताइन गुडघाभर बर्फात उभा राहून पत्रं गोळा करत होता आणि मला म्हणाला, "हाल्गाइर, आमच्याकडे रस्त्यात समुद्र आडवा येतो, तुमच्याकडे टपाल!" विनोद बरा होता. मी हसलो नाही, कारण मी त्याची चाकं बघत होतो.

तिथंच, दिव्याच्या उजेडात, मी अंगठ्यानं रबर दाबून पाहिलं. पाटासारखं कडक. खाचांची खोली मोजली तर पाच मिलिमीटर भरली, कायद्याला तीन पुरते. तेव्हा टायर झिजलेले होते असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायची मला सवय नाही. ते टायर हिवाळ्याचेच आहेत, पण किनाऱ्याच्या हिवाळ्याचे. पारा शून्याच्या जवळपास, रस्त्यावर राडा, वरून पाऊस, अशा हवेसाठी बनवलेले. आपल्या थंडीत ते रबर थिजतं. बर्फ धरायचा तर रबर मऊ हवं, त्यातल्या बारीक चिरांनी बर्फाला चावायला हवं. आणि जिथं गाड्यांनी बर्फ घोटून काच केलेली असते, आपल्या वळणासारखी, तिथं रबरात बसवलेले लोखंडी खिळेच लागतात. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलेलं नाही. नववीनंतर मी शाळेत गेलो नाही, आणि पुस्तक उघडायला मास्तर समोर बसावा लागतो असं मला कधी वाटलंही नाही.

सत्तावीस तारखेला तुम्ही निघणार होतात. मी लवकर उठलो, गाडी जॅकवर घेतली आणि तुमच्या मापाची खिळ्यांची नवी चाकं चढवली. शेवटचा नट आवळत होतो तेवढ्यात युस्ताइन लोकरीच्या लांब चड्डीवर दारात आला.

"माझी चाकं कुठं आहेत?"

"दुकानात."

"आणि ही कुणाची?"

"तुझी. कोरी आहेत."

"मी मागितली होती?"

"मागावी लागतात होय?" मी म्हणालो. मला अजूनही यात वावगं दिसत नाही. घरात कुणी पातळ कोट घालून थंडीत निघालं तर आपण हातात जाड कोट देतोच की.

मग तू आलीस. तू जे बोललीस ते मी शब्दशः लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. "बाबा, तुमचं नेहमी बरोबरच असतं. त्यात दुसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागाच उरत नाही." एवढं बोलून तू गाडीत बसलीस. कॉफी टेबलावर तशीच राहिली.  

आता तू आईकरवी निरोप पाठवला आहेस की चाकं माल वाहणाऱ्या ट्रकनं पाठवा, आणि ईस्टरला आमची वाट पाहू नका. ट्रकवाले चाकं कशी फेकतात ते मी पाहिलं आहे. चाकं हवी असतील तर ईस्टरला या आणि घेऊन जा. तोवर माझी चालवा. ती तुमच्या चाकांपेक्षा चांगली आहेत.

तुझे
बाबा


टिन्सेट, ९ फेब्रुवारी

प्रिय सिन्ने,

आधी एक सांगतो. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेव. उतारावर तिप्पट. कारण खाली लिहितो, पण समजा वाचायला वेळ नसला तर एवढं तरी कर.

काल आई तुझ्याशी फोनवर बोलत होती. मी वाफल भाजत होतो. तुम्हा मायलेकींचं बोलणं ऐकायचा माझा विचार नव्हता, पण "ब्रेक" हा शब्द कानावर पडला तर मी तरी काय करू? त्यानंतर आईचं "अगं बाई" आणि मग "नाही, बाबांना नाही सांगत."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय नाही सांगत?"

"काही नाही. तुझी वाफल जळतेय."

जळत नव्हती. मी भांडं बाजूला ठेवलं आणि पुन्हा विचारलं. तुझ्या आईला गुपित पोटात ठेवता येतं, पण समोर उभं राहून विचारलं तर खोटं बोलता येत नाही. तिनं सांगितलं. तू घरोघरी पेशंट बघायला सकाळची निघाली होतीस, पाऊस पडत होता, सहा अंश तापमान, चर्चच्या खालचा उतार. एक म्हातारे गृहस्थ आधाराची चाकांची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होते. तू वेळेवर ब्रेक लावलास आणि गाडी घसरतच राहिली. थांबली तेव्हा म्हाताऱ्याचा हात तुझ्या बॉनेटवर टेकलेला होता. त्यानं टोपी काढून तुला नमस्कार केला आणि पुढं गेला.  पुढच्या पेशंटला इंजेक्शन द्यायच्या आधी तुला जरा वेळ गाडीत बसून राहावं लागलं.

मी म्हणालो, "अशक्य. कोरे टायर आहेत."

"बरं," आई म्हणाली.

"जोरात चालवली असेल तिनं."

त्यावर तुझ्या आईनं हातातला चमचा खाली ठेवला. "हाल्गाइर, तिला गाडी तू शिकवलीस. जोरात चालवत असेल तर ती तुझी शिकवण, आणि नसेल तर ते तुझे टायर. यातलं काय पत्करतोस ते सांग, म्हणजे मी तसं तिला कळवते."

मी काही पत्करलं नाही. दुकानात गेलो. तिथं गेल्या कित्येक वर्षांचे टायरांच्या चाचण्यांचे अंक माझ्याकडे रचून ठेवलेले आहेत, तू लहानपणी त्यावर बसून जेवायचीस. मी ते काढले. प्रत्येक चाचणीत रकाने असतात: बर्फावर ब्रेक, काचबर्फावर ब्रेक, वळण, आवाज. आणि एक रकाना असतो ओल्या रस्त्याचा. खरं सांगतो सिन्ने, हा रकाना मी आयुष्यभर नुसता नजरेखालून घातला. आपल्याकडे रस्ता ओला होतो तो वसंतात, आणि तेव्हा तर लोक टायर उतरवायलाच माझ्याकडे येतात. त्या रकान्यात आपले टायर, आपल्या थंडीचे, खिळ्यांचे, मऊ रबराचे, वर्षानुवर्षं तळाला आहेत. आणि वर आहेत ते किनाऱ्याचे, मी ज्यांना पाट म्हणालो ते.

छापलेल्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. त्या मासिकवाल्यांना मी तीन वेळा चुका दाखवून पत्रं लिहिली आहेत, एकदा त्यांनी मान्यही केलं. मला गाडीत बसून, स्वतःच्या बुडाखाली कळावं लागतं.

मी आईला विचारलं, "ते नवीन टायर का विकत घेत नाहीत?" ती म्हणाली, "युस्ताइन म्हणतो, चांगली चार चाकं असताना पाचवं घेणार नाही. तुझ्याच जातीचा आहे तो." मला हे पटलं नाही, पण त्याच्याविषयी मला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

तेव्हा सांगायचं म्हणजे, महिनाभर मी ही चार चाकं अडवून ठेवली कारण मला वाटत होतं ती इथं आहेत तोवर तुला इथं यावं लागेल. आई याला ओलीस ठेवणं म्हणते. मी दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही. आणि माझ्या या कारभारात तू रोज त्या ओल्या रस्त्यांवर माझ्या टायरवर फिरते आहेस.

शनिवारी चाकं घेऊन निघतो आहे. तू भेटायला हवंस असं नाही. चाकं दारात ठेवून परत येईन. हळू चालव.

बाबा


टिन्सेट, १९ फेब्रुवारी

प्रिय सिन्ने,

युस्ताइननं तुला किती सांगितलं आहे मला माहीत नाही. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा, माझ्यापेक्षा तपशीलवार सांगाल." टोमणा होता, पण खरा होता. तर तपशीलवार.

इथून निघालो तेव्हा कोरडी थंडी, रस्ता पांढरा आणि घट्ट. फोल्दाल, मग दोव्रेचं पठार. अशा रस्त्यावर माझी व्हॅन रुळावर असल्यासारखी जाते. पठारावर वाऱ्यानं बर्फ उडत होता, कडेच्या खांबांशिवाय काही दिसत नव्हतं, आणि तरी वळणावर मला चाकाखालचा एकेक खिळा रुतल्याचं कळत होतं. एक परदेशी पाटीची गाडी खड्ड्यात गेलेली दिसली, तिला ओढून काढलं. त्यांच्या टायरांबद्दल दोन शब्द बोललो. त्यांना माझी भाषा कळली नाही, हे त्यांचं नशीब.

दोम्बोसहून खाली उतरायला लागलं की ब्योर्लीनंतर हवा बदलते, तुला माहीत आहे. रुम्सदालमध्ये त्या उभ्या कड्यांखाली रस्त्यावर बर्फाची रबडी झाली होती, करड्या रंगाची, घोट्याइतकी. हा प्रकार बर्फाहून वाईट. बर्फ दाबला जातो, पाणी बाजूला सरतं, रबडी यातलं काहीच धड करत नाही. तिला निसटायला टायरवर रुंद, मोकळ्या खाचा हव्यात. माझ्या बारीक चिरा तिनं लिंपून टाकल्या. एका जागी ट्रकच्या दोन चाकोऱ्यांमधला ढिगारा ओलांडताना स्टिअरिंग हातात अगदी हलकं झालं. गाडी मी चालवत नव्हतो, ती वाहत होती. मी वेग उतरवला. मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. मी त्याला हात केला, तो कसा ते इथं लिहीत नाही.

ओन्दाल्सनेसला पाऊस सुरू झाला तो ओलेसुनपर्यंत थांबला नाही. आता मी पोचलोच असं मनात म्हणत गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर आलो. रांग लागली, फळी खाली आली, गाड्या बोटीत सरकू लागल्या. पिवळ्या रेनकोटातला माणूस हातानं खुणा करत होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि युस्ताइनला ओळखलं, म्हणून हातांकडे पाहायचं राहून गेलं. सिन्ने, त्याची ती नोकरी आहे हे मला माहीत होतं, पण कपाळावरून पाणी निथळत असलेला, एका हातानं ट्रक आणि एका हातानं बाई आणि पोरांची गाडी आपापल्या जागी बसवणारा तो मनुष्य मी आधी पाहिलेला नव्हता. आपल्या जेवणाच्या टेबलावर तो मीठ मागायलाही लाजतो.

त्यानं हात वर केला. मी ब्रेक लावला. बोटीचं ते ओलं लोखंड, वर खारं पाणी, खाली माझे नवे कोरे खिळे. करकर आवाज करत व्हॅन सरळ पुढं गेली आणि समोरच्या पिकअपच्या मागच्या बंपरवर टेकली. जोरात नाही. पण बोटीवर सगळ्यांनी वळून बघावं इतका आवाज झाला.

पिकअपमधून एक बुटकी म्हातारी उतरली. तिनं तिचा बंपर बघितला, माझी चाकं बघितली. "डोंगरातले ना?" ती म्हणाली. "नंबराची पाटी नाही वाचली मी. खिळ्यांवरून लांबूनच ऐकू आलात."

युस्ताइन आला. बंपरवरून हात फिरवला. "काही नाही, आजी, रंगसुद्धा उडाला नाही." मग माझ्या काचेपाशी वाकून: "हाल्गाइर, लोखंडावर खिळे म्हणजे काचेवर गोट्या. म्हणून तर मी धक्क्याच्या वळणापासूनच हात वर करतो."

"मी तुझ्याकडे बघत होतो."

"माझ्याकडे नाही बघायचं. हाताकडे बघायचं. इथं सगळे हाताकडे बघतात."

बोट सुटल्यावर त्यानं मला वरती नेलं. ते तुमच्याकडचं फेरीवरचं जाड, गोड घावन, स्वेले, लोणी आणि तपकिरी चीज घालून, आणि कॉफी. मी पैसे काढले तर म्हणाला, "ठेवा. बोटीत धडकणाऱ्यांना पहिलं फुकट असतं." मी हसलो. टपालपेट्यांच्या वेळचं राहिलेलंही त्यातच हसून घेतलं.

मग मी त्याला विचारलं. खरोखर विचारलं: "युस्ताइन, तुझी चाकं आणली आहेत. तुझी हरकत नसेल तर चढवायच्या आधी मला दोन्हींची तुलना करून बघायची आहे."

तो म्हणाला, "माझी पाळी दुपारी संपते. सिन्ने रात्रपाळी करून झोपलीय. मासळी उतरवायच्या धक्क्यावर आज शुकशुकाट आहे. चला."

तुमचीच गाडी होती, नाताळात आणलेली. पाऊस पडतच होता. मासळीचा एक निळा प्लास्टिकचा क्रेट ठेवला, तिथं आलं की पूर्ण ब्रेक. साठचा वेग. युस्ताइननं चालवली, मी पावसात उभा राहून गाडी जिथं थांबेल तिथं दगड ठेवायचा. आधी माझ्या चाकांवर. मग आम्ही दोघांनी चाकं बदलली. त्यानं नट एकाआड एक, समोरासमोर आवळले, मी न सांगता. कुठं शिकलास म्हणून विचारलं तर म्हणाला, "बोटीची कामं अशीच असतात. एका बाजूनं आवळत गेलं की दुसरीकडून पाणी येतं."

मग त्याच्या चाकांवर. गाडी लवकर थांबली. मी म्हणालो, वारा पाठीशी होता मघाशी. तो म्हणाला, "परत करू." पुन्हा तसंच. मी म्हणालो, तू आता ब्रेक जोरात दाबतोस. तो उतरला, किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः पावसात जाऊन उभा राहिला. मी चालवली. मी दाबला. तसंच.

माझा दगड आणि त्याचा दगड यांत जवळजवळ एका गाडीचं अंतर होतं. मी त्या दोन दगडांच्या मधे चालत गेलो आणि परत आलो. एवढ्या जागेत एक म्हातारा आणि त्याची ढकलगाडी आरामात मावते.

युस्ताइननं निळा क्रेट उचलून बाजूला ठेवला. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो, आणि बराच वेळ बोललो असतो.

मग आम्ही तुमच्या दाराशी आलो. तुझे कामाचे बूट छपराखालच्या पायरीवर वाळत होते. त्यानं विचारलं, "उठवू तिला?" मी म्हणालो, झोपू दे. त्याला वाटलं मी तुझ्या झोपेची काळजी करतोय, आणि ते थोडंफार खरंही आहे. पण तू खाली आली असतीस तर मी खिळे, रबर, तापमान यांवर बोलायला लागलो असतो. दहा मिनिटांत मी असा बोललो असतो की जणू किनाऱ्याचे टायर मीच शोधून काढले. मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून मी माझी खिळ्यांची चाकं व्हॅनमध्ये भरली आणि पुढची बोट पकडली. या वेळी वळणापासूनच हाताकडे बघत.

हे पत्र उत्तरासाठी नाही. आता तुला इथं काही न्यायला यायचं उरलेलं नाही. माझ्याकडे तुमचं काही अडकलेलं नाही. हे लिहून टाकलं की मला झोप लागेल असं आई म्हणते.

बाबा


टिन्सेट, १२ मार्च

प्रिय सिन्ने,

तुझं पत्र आलं. आईनं ते टेबलावर साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलं होतं आणि स्वतः शेजारी बसून राहिली होती, म्हणजे मी घाबरून पळून जाऊ नये म्हणून असावं.

तू लिहितेस: "एवढ्या लांब येऊन, दारात उभं राहून, न भेटता गेलात? आई तुम्हाला यावर काय म्हणाली असेल ते मला माहीत आहे, मी भर घालत नाही." आई जे म्हणाली ते मी लिहीत नाही, कारण ती हे पत्र वाचणार आहे. एकच शब्द होता. त्यात सगळं आलं.

पण त्याखाली तू विचारलं आहेस: "ईस्टरला यायचं म्हटलं तर कुठल्या टायरवर यायचं? सरळ उत्तर द्या, भाषण नको."

मी ते वाक्य वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग दुकानात गेलो. आई म्हणाली, "लगेच लिही." मी म्हणालो, प्रश्न टायरचा आहे, विचार करावा लागेल. ती म्हणाली, "प्रश्न टायरचा नाहीये, हाल्गाइर." मला ते कळत होतं. पण टायरचा भाग मला नीट सोडवायचा होता, कारण दुसऱ्या भागात मी तितका चांगला नाही.

सरळ उत्तर: असा टायर नाही.

तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत एकच रस्ता आहे, आणि ईस्टरच्या सुमाराला त्यावर तीन वेगवेगळे हिवाळे असतात. तुमच्याकडे पाऊस. तिथं युस्ताइनचे टायर, मी मान्य करतो, आणि हे लिहिताना माझा हात थोडा जड झाला तरी लिहितो. रुम्सदालमध्ये रबडी. तिथंही त्याचेच, त्या मोकळ्या खाचांसाठी. पण दोम्बोसनंतर पठार लागतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि आपल्या वळणावर तर मेपर्यंत काच असते. तिथं माझे. जो टायर तिन्हीकडे बरा चालतो म्हणून विकतात, तो तिन्हीकडे थोडा कमी पडतो. मला माझी मुलगी थोडी कमी पडणाऱ्या टायरवर नको आहे. तुलाही तो म्हातारा आठवत असेल.

दोन दिवस मी यावर डोकं चालवलं. युस्ताइनला फोन केला. हो, मी केला. तो बोटीवर होता, मागं भोंगा वाजत होता. मी म्हणालो, असा असा पेच आहे. तो म्हणाला, "हाल्गाइर, पेच कसला? आमच्याकडे जिथं रस्ता संपतो तिथं माणूस गाडी लावतो आणि बोटीत बसतो. तुमच्याकडे बोट नाही, पण आगगाडी आहे ना?"

मी पंचवीस वर्षं टायर विकतोय, मला हे सुचलं नाही. मला फक्त टायर सुचतात.

तेव्हा असं करा. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी तुमच्या टायरवर, तुमच्या पावसातून, ओन्दाल्सनेसपर्यंत या. गाडी स्टेशनापाशी लावा. तिथून आगगाडी पकडा आणि दोम्बोसला उतरा. रबडी खिडकीतून बघा, तीच तिची जागा आहे. सामान फार आणू नका, युस्ताइनची खारवलेली मेंढीची बरगडी मात्र आणली तर चालेल. आई म्हणते, नाताळच्या जेवणाला तुमची मेंढी नाही, आपलं डुक्करच हवं, असं मी त्याला बरंच ऐकवलं होतं.

दोम्बोसहून पुढं माझी हद्द. मी स्टेशनाबाहेर उभा असेन. युस्ताइनला विचार, पुढं बसणार की मागं. आणि तुला चालवायची असेल तर किल्ली तुझी, मी मागं बसतो. मागं बसून एक अक्षर बोलणार नाही असं वचन देत नाही, खोटं ठरेल. पण पठार संपेपर्यंत तरी गप्प राहायचा प्रयत्न करीन. वाटेत कुठं न राहवून बोललोच, तर तू हात वर कर. मी हाताकडे बघत असेन.

तुझे
बाबा